डोंगराच्या धारेवर लग्नाची बोलणी

पाहुण्यांपुढे पोहे ठेवतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पाहुण्यांच्या अंगावर पोहे उधळतात, हे मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि ताटली माझ्याच हातात होती. शेव नवरदेवाच्या काकांच्या मिशांत, कोथिंबीर नवरदेवाच्या चष्म्यावर आणि एक अख्खी तळलेली मिरची त्याच्या आईच्या पदरात. इतक्या तिखट अक्षता मी कुठल्या लग्नात पाहिल्या नाहीत, आणि इथं तर लग्न अजून ठरायचं होतं. पण ही गंमत अशी मधूनच सांगून उपयोग नाही. तिच्यासाठी आधी डोंगर समजला पाहिजे, मग वारा, आणि त्याच्याही आधी माझी नणंद, जी सगळ्यांत अवघड.

नणंद तेव्हा चव्वेचाळीसची होती. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. उस्मानपुऱ्यात आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहते. लग्न झालेलं नव्हतं. पंचविशी-तिशीत तिला दाखवण्याचे कार्यक्रम इतके झाले, की आमच्या बैठकीतल्या सोफ्यालासुद्धा वधूची बाजू कुठली आणि वराची कुठली ते कळायला लागलं होतं. शेवटच्या कार्यक्रमात एका मुलाच्या आत्याने तिला मुलाशेजारी भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि हाताने उंची मोजली. नणंद मोजून होईपर्यंत उभी राहिली. मग शांतपणे वर गेली, दार लावलं, आणि त्यानंतर आमच्या घरात पोह्यांवर बंदी आली. नाश्त्यालासुद्धा. मी लपून माहेरी जाऊन पोहे खात असे.

आणि अशी ही बाई एके दिवशी गुणगुणत घरात शिरली. मी जिन्यात उभी होते. मी लगेच ओळखलं. गणपतीतल्या नाटकांत मी इतकी वर्षं राण्या आणि दासी केल्या आहेत. गुणगुणणं पाठांतराचं आहे की प्रेमाचं, एवढं मला कळतं.

झालं होतं असं. रविवारी सकाळी डोंगर चढायला जाणाऱ्या मध्यमवयीन लोकांचा एक गट असतो, त्यात ती जायची. दौलताबादच्या बाजूला, शहराच्या गर्दीपासून थोडी लांब, एक लांबलचक डोंगराची धार आहे. त्या धारेवर एका गृहस्थाची टोपी उडाली. गृहस्थ शहरात विमा कंपनीत नोकरीला, घर आणि शेती लासूर स्टेशनजवळ, वय नणंदेपेक्षा थोडं जास्त, आणि लग्नाचं राहून गेलेलं. टोपी उडाली तशी सगळा गट उतारावरून लांब लांब धावला. नणंद जागची हलली नाही. म्हणाली, "तिकडे कशाला जाताय? इथेच, धारेच्या लगेच खाली बघा. धार ओलांडली की वारा गिरकी घेऊन मागे वळतो." टोपी खरोखरच हाताच्या अंतरावर एका बोरीच्या झुडपात बसलेली. गृहस्थाने टोपी उचलली, घातली नाही, हातात धरूनच उतरला म्हणे. पुढच्या रविवारी तो टोपीशिवाय आला, आणि मग बरेच रविवार झाले.

"अगं पण तुला टोपीचं कळलं कसं?" मी विचारलं. हे विचारायला नको होतं. शिक्षकाला प्रश्न विचारला की तास सुरू होतो. माझा नवरा अंगणात स्कूटर धूत होता. तिने त्याच्या हातातून पाइप घेतला आणि तोंडावर अंगठा दाबला.

"बघ वहिनी. नळातून पाणी तेवढंच येतंय. वाट बारीक केली, तर काय झालं?"

"तुझा दादा भिजला."

"वेग वाढला!" ती म्हणाली. "डोंगरावर हेच होतं. मोकळ्या माळावरून वारा निवांत येत असतो. समोर डोंगर आला की त्याला चढावं लागतं. वर आभाळ रिकामं आहे असं आपल्याला वाटतं, पण तिथंही हवाच आहे, आणि ती लगेच सरकून जागा देत नाही. म्हणजे खालून डोंगर दाबतोय, वरून ती हवा. आता तेवढाच्या तेवढा वारा मधल्या फटीतून न्यायचा, तर तो पळाल्याशिवाय जाईल कसा?"

मला हे पटलं नाही. "शहागंजात सणाच्या आदल्या दिवशी ये माझ्याबरोबर," मी म्हटलं. "गल्ली अरुंद झाली की माणसं पळतात? सगळे जिथल्या तिथं ठप्प! पुढच्याच्या पाठीला नाक लावून उभे."

"माणसं एकमेकांना चिकटून उभी राहतात. बांगड्यांचा भाव विचारतात. हवा अशी एवढ्यातेवढ्यात दाबून बसत नाही, आणि तिला काही विकत घ्यायचं नसतं. मागचा वारा पुढच्याला थांबू देत नाही."

"मग वर चढायचंच कशाला? वळसा घालून जावं बाजूने."

"एकटी गोल टेकडी असली तर जातो की, दोन्ही बाजूंनी सटकतो. पण लांब धार आडवी पडलेली असली, की पळवाट नाही. सगळ्यांना वरूनच जावं लागतं." मग तिने आतल्या खोलीकडे मान वळवली आणि आवाज खाली आणला. "आपल्या बाबांसारखी."

बाबा म्हणजे माझे सासरे. जन्मभर कोर्टात कारकुनी केलेले, त्यांचे वडीलही कारकून, आजोबाही. घरातली कुठलीही गोष्ट त्यांना वळसा घालून पुढे जात नाही. आणि त्यांची एक कला आहे: कुजबुजणं. कोर्टात न्यायाधीश समोर बसलेला असताना शेजारच्याशी अख्खा संवाद करायचा आणि कुणाला ऐकू जाऊ द्यायचं नाही, या विद्येत त्यांचं आयुष्य गेलं. ओठ हलत नाहीत, उपरण्याचं टोक तोंडापाशी येतं, आणि शब्द ज्याच्यासाठी आहे त्याच्याच कानात पडतो. या कलेचा त्यांना पेन्शनपेक्षा जास्त अभिमान आहे.

नणंदेने त्यांना सांगितलं तेव्हा ते नाही म्हणाले नाहीत. त्यांनी नुसते प्रश्न काढले. ते शेतकरी घर, आपण नोकरदार. त्यांच्याकडे रविवारी मटण, आपल्याकडे रविवारी अळूची भाजी. आणि मुख्य म्हणजे, आधी कुणी कुणाकडे जायचं? रीतीप्रमाणे मुलाकडच्यांनी आपल्याकडे यायचं. नणंद म्हणाली, त्या सोफ्यावर मी बसणार नाही. मग आपण त्यांच्याकडे जायचं? सासरे म्हणाले, मुलीचं घर असं पायऱ्या चढत जात नसतं. तिकडे लासूर स्टेशनलाही हाच घोळ. त्यांचे काका म्हणत, बोलावणं आल्याबिगर आपण कसं जायचं?

शेवटी नणंदेनेच निकाल लावला. तुम्हीही येऊ नका, आम्हीही येत नाही. निम्म्या वाटेवर भेटू. आणि निम्म्या वाटेवर होती ती धार.

आदल्या संध्याकाळी ती माझ्यापाशी स्वयंपाकघरात आली. ओट्याला टेकून उभी राहिली. "वहिनी, मला हा माणूस हवा आहे," ती म्हणाली. इतकं सरळ ती कधी बोलत नाही. तिच्या वाक्यात निदान एक तरी 'परंतु' असतो. "पळून जाऊन लग्न करायचं वय गेलं, गुडघे दुखतात. दोन्ही घरांनी मनापासून हो म्हणायला पाहिजे. पण उद्या तिथं कुणी माझी उंची मोजली, वय मोजलं, भाव केला, तर मी उठून येईन. आणि मग हा विषय संपला, कायमचा."

"कुणी काही मोजणार नाही," मी म्हटलं. "आणि मी पोहे करते."

"पोहे?"

"डोंगरावर खाल्लेले पोहे मोजत नाहीत."

ती हसली. मी मनात शपथ घेतली की उद्या जिभेला कुलूप. ही शपथ मी दर कार्यक्रमाआधी घेते.

तो ज्येष्ठातला रविवार होता. पाऊस लांबला होता, वारा मात्र वेळेवर आलेला. पण गंमत अशी की डोंगराच्या पायथ्याशी गाडी लावली, तिथं वाराच नाही! म्हणजे होता, नावापुरता. बाभळीचं पान उगाच हलल्यासारखं करत होतं.

"एवढा बोलबाला ऐकला होता वाऱ्याचा," सासरे म्हणाले.

"पायथ्याशी तो मंदावतोच बाबा," नणंद म्हणाली. "समोर डोंगर दिसला की बिचकतो. वर बघा."

तिचं कोण ऐकतो? झाकणाचा मोठा डबा जड होता, म्हणून मी पोहे पसरट परातीत काढून घेतले, वर रुमाल टाकला आणि डबा गाडीतच ठेवला. सतरंजीच्या कोपऱ्यांवर ठेवायला आणलेल्या विटाही नवऱ्याने गाडीत ठेवल्या. "कशाला ओझं?" इति नवरा. आम्ही चढलो. सासरे काठी टेकत, पण सगळ्यांच्या पुढे. आणि धारेवर पाऊल ठेवलं मात्र!

काय सांगू. वारा असा आला की मी उघडलेलं तोंड मिटायच्या आत त्याने माझं वाक्य नेलं. मी खास खळ दिलेली सुती साडी नेसले होते. तिचं क्षणात शीड झालं आणि मी न चालता दोन पावलं पुढे गेले. नवऱ्याने वर्षानुवर्षं डावीकडून उजवीकडे निजवून ठेवलेले केस जागे झाले, ताठ उभे राहिले आणि चहूबाजूंना नमस्कार करू लागले. परातीवरचा रुमाल गेला तो आमच्या उस्मानपुऱ्यापर्यंत गेला असेल. नणंद मात्र दोन्ही हात पसरून उभी होती, डोळे मिटून, आणि लहान पोरीसारखी खिदळत होती. तिच्या पाठोपाठ मलाही हसू फुटलं. माणसाला अंगातून हवा खेळल्यासारखं होतं तिथं. पोटात गुदगुल्या होतात, उगाचच ओरडावंसं वाटतं. मी ओरडले. नवरा ओरडला. सासऱ्यांनी आमच्याकडे असं पाहिलं जसं कोर्टात कुणी शिट्टी वाजवली.

पाहुणे आले. नवरदेव, त्याची आई आणि काका. नवरदेव अंगाने भरलेला, गोड चेहऱ्याचा, इस्त्रीच्या शर्टात पोट आत ओढून धरलेलं. काकांच्या मिशा भरघोस, दोन्हीकडे वळलेल्या. आणि आई! सत्तरीची असेल. माझ्या साडीचं निशाण झालेलं, आणि तिची नऊवारी जागची हलत नव्हती. वाऱ्यात ती अशी चालत आली जशी शेताच्या बांधावरून चालावी.

"लई वारं हाय की वो इथं!" ती ओरडली. "बरंय. उकडत तरी नाय!"

आता बसायचं कसं हा प्रश्न. आमच्या शहरात उन्हाळ्यात पाहुण्याची पत एकाच गोष्टीवरून ठरते: त्याला कूलरपासून किती अंतरावर बसवलं. अगदी मानाचा पाहुणा असेल तर कूलरसमोर, वारा थेट तोंडावर. घरच्यांनी मध्ये यायचं नाही. हीच रीत सासऱ्यांनी डोंगरावर लावली. वारा पश्चिमेकडून येत होता. त्यांनी पाहुण्यांची सतरंजी अशी घातली की वारा सरळ त्यांच्या तोंडावर यावा. आमची सतरंजी समोर, वाऱ्याकडे पाठ करून. आणि मध्ये भरपूर अंतर सोडलं, चांगली एक बैलगाडी वळेल एवढं.

"एवढं लांब?" मी विचारलं.

"आपसात बोलायला जागा लागते," ते उपरण्याआडून म्हणाले. "ऐकू जाता कामा नये."

मी पोहे वाढायला पाहुण्यांकडे निघाले. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. परातीतून ताटलीत पहिला डाव घातला आणि तो ताटलीत पडलाच नाही. तो उडाला, आणि त्याच्या मागून परातीतला अख्खा वरचा थर. पाहुण्यांनी डोळे मिटले. काकांनी मिशीतली शेव काढून तोंडात टाकली.

"वाढायची बी गरज नाय की!" नवरदेवाची आई पदरातली मिरची उचलत म्हणाली. "बसल्या जागी तोंडात येतंय." आणि तिने आपल्या पिशवीतून भाकरी आणि ठेचा काढला. "ह्ये घ्या. भाकर उडत नाय."

नणंद थर्मास घेऊन त्यांच्याकडे चहा द्यायला गेली. कप हातात धरल्याशिवाय उभे राहत नव्हते, म्हणून आईने तिला तिथंच खाली बसवून घेतलं. आमच्या सतरंजीवर उरलो मी, नवरा आणि सासरे. इकडून तिकडे ओरडून नावगाव झालं, शेती झाली, नोकरी झाली. मग सासऱ्यांनी हात वर केला आणि मोठ्याने सांगितलं, "आम्ही जरा आपसात बोलतो हं!" समोरून सगळ्यांनी माना डोलावल्या. रीतच असते ती.

उपरणं तोंडापाशी आलं. ओठ स्थिर झाले. कला सुरू झाली.

"माणसं बरी आहेत," सासरे कुजबुजले. "पण त्या मिशा पाहिल्यात का? पूर्वी तहसीलदारालासुद्धा एवढ्या मिशा परवडत नसत."

नवरा हसला. समोर काकांचा हात मिशीकडे गेला. मी म्हटलं, योगायोग.

"नवरदेव कधीचे पोट आत ओढून बसलेत," आता मी कुजबुजले. कुलूप गेलं होतं कधीच. "श्वास तरी घेऊ द्या म्हणावं बिचाऱ्याला." आणि समोर, मी पाहत असताना, नवरदेवाने डोळे मिटून एक मोठा उसासा सोडला आणि पोट मोकळं केलं. मला तरीही कळलं नाही! मी नवऱ्याला कोपराने ढोसून म्हटलं, "बघा, मनकवडे आहेत."

"जेवणाचं काय?" नवरा म्हणाला. "त्यांच्यात दर रविवारी मटण असतं."

समोर आई नणंदेच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली, आणि नणंदेने चेहरा तळव्यांत लपवला. मला वाटलं लाजली.

मग सासरे म्हणाले. अगदी हळू, त्यांच्या सगळ्यांत चांगल्या आवाजात. "हे बघा, आता या वयात निवड करणारे आपण कोण? चव्वेचाळीस म्हणजे काय थोडं झालं? जमतंय ते जमवून टाकावं."

नणंदेने तळवे खाली घेतले. ती लाजलेली नव्हती. तिने थर्मासचं झाकण लावलं, आवळून लावलं, आणि उठायला हात टेकला. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, की आमच्या पाठीवर जो वारा आदळत होता तो आमचा प्रत्येक शब्द उचलून, डोंगराने वेग वाढवून दिलेला, थेट पाहुण्यांच्या कानात नेऊन ओतत होता. आम्ही त्यांना कूलरसमोर बसवलं होतं, आणि कूलरच्या तोंडाशी आम्ही होतो.

समोर आई काहीतरी बोलत होती. तोंड हलताना दिसत होतं, हात हलत होते, शब्द एकही येत नव्हता. ते सगळे वाऱ्याबरोबर मागे जात होते. मग तिने नणंदेच्या खांद्यावर हात दाबून तिला बसवलं, स्वतः उठली आणि वाऱ्याविरुद्ध चालत आमच्यापाशी आली.

"पाव्हणं," ती सासऱ्यांना म्हणाली, "हाका मारून मारून घसा बसला. तुमचं समदं बोलणं आमच्या पदरात पडायलंय. मघा पोहे पडले तसं."

सासऱ्यांच्या हातातलं उपरणं सुटलं. त्याला वारा लागताच ते निघालं. नवऱ्याने झडप घालून धरलं.

"समदं?" सासरे म्हणाले.

"मिशा, प्वाट, मटण. समदं." ती मोजत नव्हती, मजेत सांगत होती. पण मग तिचा चेहरा बदलला. "आन् शेवटचं बी. ते मातुर मला नाय आवडलं. जमवून टाकायला ती काय शिळी भाकर हाय का? लेक हाय ना तुमची? तिनं बी ऐकलं त्ये."

सासरे काठीच्या टोकाने मातीत रेघा ओढू लागले. 

"आता असं करा," आई म्हणाली. "उठा. तुमी तिकडं बसा, आमी इकडं बसतो. तुमचं आमी ऐकलं, आता आमचं तुमी ऐका. फिट्टंफाट!"

आणि आम्ही खरंच उठलो! सगळे! दोन घरांची माणसं, परात, थर्मास, काठी, ठेच्याचा डबा घेऊन, वाऱ्यात झोकांड्या खात एकमेकांना ओलांडून गेलो. नवरदेव आणि माझा नवरा मध्यावर एकमेकांवर आपटले आणि दोघं म्हणाले, "सॉरी, सॉरी!" काका सासऱ्यांना ओलांडताना थांबले, मिशीला पीळ दिला आणि पुढे गेले. मला इतकं हसू येत होतं की मला चालता येईना. पण नणंद हसत नव्हती. ती आमच्याकडे आली, सासऱ्यांपासून लांब, सतरंजीच्या अगदी टोकावर बसली. तिने चपला पायात घातलेल्याच ठेवल्या होत्या. मी ते पाहिलं आणि माझं हसू विरलं.

पलीकडे काकांनी घसा साफ केला. आणि बाई गं! काय स्पष्ट आवाज! जणू शेजारी बसून बोलताहेत.

"पोरगी लई शिकलेली हाय," काका म्हणाले. "आपल्याला समद्यांला शिकवून सोडंल."

"तुला शिकवलं तर बरंच हाय," आई म्हणाली. "आन् मटणाचं म्हणशील, तर ती खात नसंल तर तिचा वाटा आपल्यालाच की."

आमच्या बाजूला नवरा फिसकन हसला. नवरदेव म्हणाला, "आई, ते ऐकायलेत." आई म्हणाली, "ऐकू दे की! ऐकायलाच तर बशिवलंय."  तिने भाकरीचा तुकडा मोडला, खाल्ला नाही.

"मला पसंत हाय ती," ती म्हणाली. आता आवाज खेळीमेळीचा नव्हता. ती मुलाशी बोलत होती, पण तोंड आमच्याकडे होतं. "तिला मी पसंत पडंन का, ह्ये कुणी इचारलं का? तुमी दोघं ऱ्हाल शहरात. तिची नोकरी तिथं, तुझी तिथं. ऱ्हावंच. पण आता तू दर रविवारी येतूस ना घरी, त्ये काय सोडू नका म्हणावं. मी भाकऱ्या टाकून बसून ऱ्हाते. नुसतं इच्यार तिला. मागणं नाय, इचारणं हाय."

 सासरे उठून उभे राहिले, काठीवर दोन्ही हात ठेवून. त्यांनी नणंदेकडे पाहिलं, मग समोर.

"माझं चुकलं!" ते ओरडले.

समोर आईने कानामागे हात धरला. "आँ?"

"चुकलं म्हणतोय! मी बोललो ते चुकलं!" सासरे पुन्हा ओरडले, मान पुढे काढून. शब्द तोंडातून निघताच मागे पळत होते. नवरदेवाने खांदे उडवले. काकांनी नवरदेवाला विचारलं, "काय म्हणायलेत?" आणि तेवढं आम्हाला अगदी लख्ख ऐकू आलं. "मला वाटतं, चहा मागायलेत," नवरदेव म्हणाला.

"चहा नाही!" सासऱ्यांचा चेहरा लाल झाला होता. "माझी मुलगी! माझी मुलगी लाखात..." खोकला आला. वाऱ्याने तोंडात धूळ कोंबली.

"दे गं त्यांना चहा," नवरदेवाची आई तिकडून म्हणाली. "लई वरडायलेत."

तेव्हा माझ्या शेजारून एक आवाज आला. नणंद हसत होती. आधी दातांत दाबून, मग न दाबता, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सासरे तिच्याकडे वळले. ओरडून त्यांचा आवाज गेला होता. "तू ऐकलंस ना?" त्यांनी विचारलं.

"ऐकलं बाबा," ती म्हणाली. "पण लाखात काय ते राहिलं."

"एक," सासरे म्हणाले.

ती उठली. मी तिच्या पायांकडेच पाहत होते. ती गाडीच्या वाटेकडे गेली नाही. ती समोरच्या सतरंजीकडे निघाली, सरळ वाऱ्यात, पुढे वाकून, ओढणी मागे आडवी ताणलेली, एक हात डोळ्यांवर. अर्ध्या वाटेत वाऱ्याने तिला थांबवलं आणि ती नुसती तिरकी उभी राहिली, हसत, वाऱ्याला टेकून. मग पुन्हा निघाली. नवरदेव मदतीला उठायला लागला, तर आईने त्याचा शर्ट धरून त्याला खाली ओढलं. येऊ दे तिची ती.

ती आईजवळ पोहोचली, वाकली आणि तिच्या कानाशी बोलली. तिला वाटलं असेल, हे दोघींतलंच आहे. किंवा नसेलही वाटलं. भौतिकशास्त्र तिला आमच्यापेक्षा जास्त कळतं. आम्ही तिघंही श्वास रोखून बसलो होतो, आणि वाऱ्याने ते आम्हाला आणून दिलं.

"विचारायचं काय त्यात? दर रविवारी येऊ," ती म्हणत होती. "पण मला भाकरी थापता येत नाही."

"मला बी भौतिकशास्त्र येत नाय," आई म्हणाली. "कुठं आडलंय माझं?" आणि तिने नणंदेचं मनगट घट्ट धरून तिला आपल्या शेजारी सतरंजीवर ओढलं. "बस, बाई, बस खाली. आता कुठं हाती लागलीस, उडून जाशील."